बिराजदार सरांच्या दहा भाकऱ्या

बिराजदार सर गेले त्याला आज वर्ष झालं, आणि मला सकाळपासून हसू येतंय.

सॉरी. पण जे त्यांच्या क्लासला सी प्रोग्रॅमिंग शिकलेत, त्यांना कळेल.

मी दुधनीची. बीसीएला हा विषय दोनदा राहिलेला. अप्पांनी सांगून टाकलं होतं, "आता राहिला तर गप घरी यायचं, दुकानात बसायचं."

म्हणून सोलापुरात सरांकडे आले. एक खोली, सहा जुने कॉम्प्युटर, आम्ही आठ जण.

शनिवारी सगळ्यांचे डबे एकत्र. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. सर आधी सगळ्यांना वाढायचे, स्वतः शेवटी बसायचे.

मग कुणी किती भाकऱ्या खाल्ल्या, ते आकडे एका फाईलमध्ये टाकायचे. शेवटचा आकडा कायम सरांचा.

"ॲरे म्हंजे ओळीत मांडलेली ताटं. फाईलमधला एकेक आकडा उचल, एकेका ताटात वाढ. लई सोपं हाय."

मी वाढलं. बेरीज केली. खाल्लेल्या भाकऱ्या सत्तावीस, स्क्रीनवर बत्तीस!

सरांनी अख्खा ॲरे प्रिंट करायला लावला. शेवटी पाच. त्याच्यापुढं परत पाच.

"अगं, मी पाचच खाल्ल्या की! तू दहा करून ठेवल्या!"

सगळा क्लास हसला. मी रडायला लागले. म्हटलं, "सर, मला न्हाय जमत. जाते मी दुधनीला."

सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"फाईल संपली का, हे तू आधी इचारतीस. ती म्हणती न्हाय, कारण वाचून बघितल्याबिगर तिला बी कळत न्हाय. मग वाचायला जातीस तर हाताला काय बी लागत न्हाय, आणि तू जुनाच पाच परत वाढतीस. आधी वाच. खरंच काय आलं का बघ. मगच वाढ."

एवढंच होतं. दोन वर्षं मला कुणी एवढं सांगितलं नव्हतं.

प्रॅक्टिकलला नेमका हाच प्रोग्रॅम आला. एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारलं, "फाईल संपली का, ते आधी का नाही तपासलं?"

तोंडातून निघून गेलं, "शेवटचा माणूस दोनदा जेवतो, सर."

पास झाले. आज कॉलेजात हाच चॅप्टर मी शिकवते.

सकाळी जुना पेनड्राइव्ह लावला. त्यात ती फाईल आहे, आणि माझा तो चुकलेला प्रोग्रॅमही आहे. मुद्दाम तोच चालवला.

बत्तीस.

तो मी कधीच दुरुस्त करणार नाही.

सर, तुमची लई आठवण येते. आयुष्यभर आम्हाला वाढून शेवटी बसलात. आता दोनदा जेवा, पोटभर.

हसत हसत श्रद्धांजली.