न ओढलेला पट्टा

विकायला कुठलीही जुनी गाडी आली की तो आधी आत बसायचा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. पट्ट्याचं जे टोक एरवी कधी बाहेर येत नाही, तिथे पुराचा गाळ वाळून बसतो. "धुणारा सगळं धुतो, हे टोक विसरतो," असं तो कॅमेऱ्यात बघून म्हणायचा.

मोठ्या पुरानंतरची ती वर्षं. बुडालेल्या गाड्या पॉलिश मारून आपल्याच बाजारात येत होत्या. गाड्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकणारेही तेव्हा नुकतेच उगवले होते. तुम्ही पाहिलेत ते. कोणी गॉगल लावून बॉनेटला टेकायचा, कोणी नुसते इंजिनचे आवाज ऐकवायचा, कोणी जीभच दलालाला भाड्याने दिलेली. खोट दाखवणारा हा एकटा. आमच्या कॅम्प तीन वस्तीतल्या सायबर कॅफेत एक व्हिडिओ चढवायला त्याची अख्खी दुपार जायची. तोवर तो मला कटिंग पाजायचा. लोकांचं खोटं उघडं पाडणारी पत्रकं मी काढायचो, त्यावरून माझी खेचायचा. "ए पत्रकवाल्या, तू ओरडतोस, मी दाखवतो. पब्लिक कोणाचं ऐकणार?"

त्याचंच ऐकणार, हे मला मान्य होतं. म्हणून मी पत्रक काढलं, 'गाडी घेण्याआधी यांचा व्हिडिओ बघा', आणि अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्ट सुटताना स्वतः वाटलं.

एक माझ्या भाऊजींच्या हातात गेलं. केमिकलच्या वासाने त्यांना दम लागायचा. कंपनी सोडायची, स्वतःची व्हॅन घेऊन कामगारांची ने-आण करायची, असं त्यांच्या मनात होतं. त्याच सुमारास याने एका व्यापाऱ्याकडची व्हॅन दाखवली. टायर, इंजिन, कागद, सगळं चोख. भाऊजींनी फंड काढून ती घेतली. थोड्याच महिन्यांत वायरिंग सडलं आणि गाडी बेलवलीत घरापुढे बसली. मेकॅनिकने पट्टा ओढला. टोकाला चिखल.

मी व्हिडिओ पुन्हा बघितला. तो आत बसतो, पट्ट्याला हात लावतो आणि उतरतो.

भाऊजी म्हणाले, नजरेतून सुटलं असेल, माणूसच आहे. मी थेट त्याला गाठलं. त्याच व्यापाऱ्याच्या ऑफिसात तो नव्या कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता.

"मी एक शब्द तरी खोटा बोललो का? दाखव."

दाखवता येईना. पत्रकाला समोरच्याचं खोटं वाक्य लागतं. याने ते बोलायचंच टाळलं होतं.

"ती गाडी माझ्या भाऊजींनी घेतलीय," मी म्हणालो.

त्याचा हात थांबला. "तुझ्या घरचे आहेत हे माहीत असतं तर सांगितलं असतं रे."

हे तो अगदी मायेने बोलला. म्हणजे चिखल त्याला ठाऊक होता. आपल्या माणसाला तो सांगायचा, बाकीच्यांच्या गळ्यात व्यापाऱ्याला गाडी मारू द्यायचा. आणि ते बाकीचे मी गेटवर उभं राहून गोळा केले होते.

पुढे तो कॅम्पातून गेला. कुठे, ते मी विचारलं नाही. भाऊजी पुन्हा कंपनीत आहेत, आता ठेकेदाराकडे, त्याच वासात. मी अजून पत्रकं वाटतो. भाऊजी हात पुढे करतात, पण कागद घेण्याआधी विचारतात, "हे तू स्वतः पाहिलंयस ना?"