सुलाबाईची सीट

नागेश मुळात गाडी घेणारा माणूस नव्हता. पूर्णेतल्या एका शाळेत तो क्लार्क, घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि हौस म्हणावी तर कशाचीच नाही. पण आईच्या, म्हणजे सुलाबाईच्या, किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा तिला परभणीला डायलिसिसला न्यायची पाळी आली. सुरुवातीला त्यानं रेल्वेनं नेऊन पाहिलं. जाताना जमायचं. येताना मशीनवरून उठलेली बाई फलाटावर उभीच राहू शकायची नाही, आणि गर्दीत चढायचं तर नावच नको. शेवटी चार ठिकाणी विचारपूस करून त्यानं कुणाकुणाच्या हातून फिरून आलेली एक जुनी गाडी घेतली.

ही गाडी आधी कुण्या पुढाऱ्याच्या प्रचाराला लावलेली होती. टपावर भोंगे बांधायचा लोखंडी कॅरिअर तसाच राहिलेला. भोंगे गेले तरी गाडीची ओरडायची खोड काही गेली नव्हती. गावाबाहेर पडून जरा वेग घेतला, की सुलाबाईच्या बाजूच्या दारातून आणि टपावरून वाऱ्याची अशी शीळ सुरू व्हायची, की परभणी येईस्तोवर थांबायचं नाव नाही. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, म्हणून मायलेकरं बोलतच नसत. नागेशला त्याचं फार वाईट वाटत होतं असंही नाही. रजेसाठी हेडमास्तरांचं तोंड बघायचं, राहिलेलं काम रविवारी बसून उरकायचं, वर गाडी चालवायची. तो पार थकला होता, आणि थकलो म्हणायलाही त्याला उसंत नव्हती.

अशात एका सकाळी सुलाबाई उंबऱ्यात बसून राहिली.

"मी न्हाई येत आज. त्या गाडीत बसवंना मला. कंबर मोडायलीय."

त्यानं कशीबशी समजूत घालून नेलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलेलं होतं, की खेप चुकली तर छातीत पाणी भरेल, मग आमच्याही हातात काही राहणार नाही. त्यामुळं सुलाबाई 'गाडीत बसवंना' म्हणाली, त्यातून नागेशनं एवढंच ऐकलं, की ही सीट आपल्या आईचा जीव घेणार. सीट नीट झाली की माय येईल, माय आली की जगेल. त्याच्या डोक्यात हिशेब इतका साधा होता.

पहिला उपाय घरचाच. त्यांच्याकडं अंग दुखो की पाठ, खाली वाकळ घालायची, हे ठरलेलं. नागेशनं सुलाबाईनंच कधीकाळी शिवलेली जाड वाकळ दुहेरी करून सीटवर घातली. ती त्यावर बसली तर डोकं टपाला लागायला लागलं आणि पाय लोंबकळायला लागले. ब्रेक मारला की वाकळीसकट पुढं घसरायची.

मग सत्यशीलानं, त्याच्या बायकोनं, माहेरच्या शेतातला कापूस सुचवला. तिथून, बोरीहून, पोतं आलं. नागेशनं सीटचं कव्हर उसवलं, आतला भुगा झालेला फोम काढून फेकला आणि पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणून ठासून भरला. गल्लीतले लोक सीट दाबून बघून जात आणि वाहवा करून जात. घरात अशी गादी नाही, म्हणत. दोन-चार खेपा बऱ्या गेल्या. मग कापूस बसला, सीटला खड्डा पडला, आणि खड्ड्यातून खालची लोखंडी पट्टी थेट कंबरेला लागायला लागली. परभणीचा सीटवाला हसून म्हणाला, "गादीवर माणूस निजतो साहेब, गाडीत हादरतो. कापूस कसा टिकंल?" हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. नागेशला काही हसू आलं नाही.

सीटवाल्यानं तुटलेल्या स्प्रिंगा जोडल्या, चांगला कडक फोम घातला, कंबरेपाशी आधाराला उंचवटा केला. मग नागेश वाऱ्याच्या मागं लागला. कॅरिअर उतरवला तर निम्मी शीळ तिथंच गेली. उरलेल्या निम्म्या शिळेसाठी तो दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचा आणि पट्टी ओढून बघायचा. जिथं ती सुळकन निघे तिथं रबर वाळून आक्रसलेलं, म्हणून खडूची खूण. अख्ख्या दाराला खडूच्या खुणा झाल्या, तेव्हा त्यानं रबरच नवं आणलं.

सत्यशीला दारात उभी राहून बघत होती. "माणसापरीस गाडीचीच सेवा जास्त करायलाव तुमी," ती म्हणाली. "दोन घडी आत्यापाशी बी बसत जा."

"एवढं रबर झालं की बसतो," नागेश म्हणाला. त्या रविवारीही त्याचं बसणं झालं नाही.

पुढच्या खेपेला सुलाबाई काही न बोलता गाडीत बसली. वाटेतला झिरो फाटा मागं पडल्यावर नागेशनं वेग घेतला आणि कान टवकारले. शीळ नाही, खडखड नाही. कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं. माय आता काहीतरी चांगलं म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला.

तेवढ्यात त्याला दुसराच आवाज ऐकू आला. बारीक, लांबट, थांबून थांबून येणारा. चाकाचं बेअरिंग गेलं असणार, या विचारानं त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक झालं की दुसरं. त्यानं वेग कमी केला तरी आवाज तसाच. मग त्यानं बाजूला पाहिलं. सुलाबाई खिडकीकडं तोंड करून, डोळे मिटून, दर श्वासाला कण्हत होती.

त्यानं गाडी कडेला घेतली.

"माय, सीट टोचायलीय का?"

"न्हाई बाबा. सीट लय चांगली झाली."

"मग कन्हायलीस कशाला?"

"मी पयल्यापासूनच कन्हते की. वाऱ्यात तुला आयकू येत नव्हतं. बरं होतं ते."

नागेशनं इंजिन बंद केलं. सुलाबाईनं सुयांनी निबर झालेला हात मांडीवर घेतला.

"गाडीचं काई न्हाई रे. मलाच आता होईना. त्या मशीनवर थंडी वाजती, घरी आलं की दोन दिस अंगात जीव नसतो, तवर दुसरी खेप येती. तुला कसं सांगावं? म्हनून कंबरंचं सांगितलं. येवढं एक कारन होतं माझ्यापाशी, ते बी तू नीट करून टाकलंस. आता कोन्या तोंडानं न्हाई म्हनू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नागेशला वाटलं, तक्रार असती तर बरं झालं असतं. सीट कुठं टोचते, हे त्यानं तिला शंभरदा विचारलं होतं. तुला काय होतंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती तो दर रविवारी पाना घेऊन गाडीवर काढत होता. शेजारून एक उसाचा ट्रॅक्टर हळूहळू पुढं गेला.

"वळवू का गाडी?" त्यानं विचारलं.

सुलाबाईनं पुढच्या रस्त्याकडं पाहिलं.

"आज चल," ती म्हणाली. "निम्म्यावर आलोत. पन फुडच्या खेपंला घरूनच इचार मला."

"इचारतो," नागेश म्हणाला.

त्यानं गाडी सुरू केली. सुलाबाई आता तोंड न फिरवता कण्हायला लागली. पुढच्या खेपेला तिला विचारावं लागणार होतं, आणि ती जे म्हणेल ते ऐकावं लागणार होतं.