विमलबाईंनी निवडलेलं पुस्तक

४ ऑगस्ट १९६१ रोजी विष्णुपंत पाच रुपयांची अनामत परत मागायला धाराशिवच्या वाचनालयात आले. अनामत त्यांचे थोरले भाऊ, कोर्टातले कारकून अंबादासराव यांच्या नावे होती. अंबादासराव वैशाखात वारले होते. मी वाचनालयाचा खजिनदार होतो. विष्णुपंतांबरोबर भावजय विमलबाई आल्या होत्या. घरी राहिलेलं पुस्तक त्यांनी पदराखाली धरून आणलं होतं.

बारा वर्षं त्या आमच्याकडची पुस्तकं वाचत होत्या, पण वाचनालयात पाऊल पहिल्यांदाच ठेवत होत्या. बायका तेव्हा येत नसत. अंबादासराव कोर्टातून घरी जाताना पुस्तक न्यायचे, बहुधा एखादं संतचरित्र.

मी पावती करू लागलो तेव्हा विमलबाई म्हणाल्या, "अनामत राहू द्या. माझ्या नावावर करा."

"वहिनी, आता घरात वाचणारं कोण आहे?" विष्णुपंतांनी विचारलं.

"तेव्हाही मीच वाचत होते, भाऊजी. ते नुसतं पिशवीतून आणायचे."

विष्णुपंत बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले.

ग्रंथपाल बंडप्पांनी विचारलं, "बाई, कोणतं काढू? काय आवडतं तुमाला?"

विमलबाईंनी कपाटांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "ठाऊक नाही. आणलेलं वाचायचं, एवढंच माहीत आहे."

त्या दिवशी त्या रिकाम्या हातानं गेल्या. पुढे दर बाजाराच्या दिवशी येऊ लागल्या. बंडप्पा कादंबरी पुढं करायचे. त्या उभ्यानंच चार पानं वाचून परत द्यायच्या.

"पुढं लई रंगते, बाई."

"नको. न आवडलेलं पुरं करायची सवय मोडायची आहे मला."

विष्णुपंतांनी मला गाठलं. म्हणाले, "वाचायचं काहीच नाही आणि हेलपाटे मात्र चालू. लोक विचारतात. दिवाळीपर्यंत बघतो, मग पैसे काढून घेतो."

आश्विनात विमलबाईंनी अगदी खालच्या फळीवरून स्वतः एक पुस्तक काढलं. एका शिकाऱ्याच्या आठवणी होत्या.

बंडप्पा हसले. "यात नुसते वाघ हायत."

"असू देत. ह्यानं वाघ मारला आणि रात्रभर त्याच्यापाशी बसून राहिला. का बसला, ते बघायचंय."

मुदत संपली तरी पुस्तक आलं नाही. बंडप्पांनी घरी निरोप पाठवला. उत्तर आलं, "एकदा वाचून झालं. पुन्हा वाचतेय."

दिवाळी झाली. विष्णुपंत अनामत मागायला आले नाहीत. रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "स्वयंपाक आटोपला की दार लोटून बसतात. हाक मारली तर ओ देत नाहीत. आता काय बोलायचं?"

कार्तिक संपता संपता विमलबाईंनी ते पुस्तक आणून दिलं आणि त्याच्याच शेजारचं दुसरं नेलं. त्यानंतर पुस्तक निवडायला त्यांना कोणाची मदत लागली नाही. गेल्या माघात त्या वारल्या.

शिकाऱ्याच्या पुस्तकाला उशीर झाल्याचा दंड चव्वेचाळीस नवे पैसे झाला होता. तो भरायचा राहिला. अजून येणे आहे.