बिनचामड्याचे पाणी

आधी हातातला चहाचा पेला खाली ठेवा. हसताना चहा सांडला, तर पुसायला पाणी केव्हा येईल याची हमी मी आता देत नाही!

प्रश्न तत्त्वाचा होता. आमच्या सासूबाई, म्हणजे अक्का, न्हाणीघरातल्या नळाचे पाणी देवाला चालू देत नसत. का? तर तोटीच्या पोटात चामड्याची चकती! साठी उलटलेली ही बाई देवापुरते पाणी विहिरीवरून कडेवर आणी. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. पाण्याला विटाळ नसतो, हे सप्रमाण सांगून थकले. शेवटी म्हटले, "अक्का, रबराची चकती असलेली नवी तोटी मी स्वतः बसवते. मग तरी विहीर सोडाल?"

"सोडेन. पण आज आखाजी आहे, सूनबाई. पितरांची घागर नैवेद्याआधी भरायची. तोवर तोटी लागली तर ठीक, नाहीतर मी निघाले विहिरीवर."

झाले! आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; ती काही टळणार नव्हती. मी पदर खोचून पाना उचलला. धुळ्यात नळ पहाटे येतो आणि उन्हे वर आली की जातो. तो नुकताच गेला होता. मग रस्त्यावरची चावी बंद करण्याचे प्रयोजन काय? तोटी काढली, तिच्यामागची गंजलेली नळीही उपटली. भिंतीत नुसते भोक उरले.

शेजारचे नाना अंगणातून ओरडले, "मास्तरीणबाई, चावी बंद करा! आज सण शे, परत पाणी सोडतीन. दवंडी व्हयनी ना!"

"नाना, दवंडी हा पुरावा नव्हे," मी शांतपणे म्हणाले.

पुरावा थेट माझ्या तोंडावर आला!

चष्मा उडाला. नव्या जोडाच्या आट्यांवर गुंडाळायला आणलेला ताग तरंगत मोरीकडे निघाला. मी भोकावर तळहात दाबून धरला. हात काढावा तर पूर, न काढावा तर तोटी बसवणार कशी? सांगा, इथे कोणता सिद्धांत लावायचा?

"नाना! चावी! चावी बंद करा!" मी किंचाळले.

"नाना, चावीला हात लावाल तर खबरदार!" हा आवाज अक्कांचा. सोवळ्यातच त्या नवी घागर घेऊन दारात उभ्या. "या भोकात चामडं आहे?"

"नाही."

"मग काढ हात."

मी हात काढला. घागर काठोकाठ भरली.

"आता ठेव."

"अक्का, तर्काने पाहिले तर माझ्या हातालाही चामडेच आहे!"

"ते केव्हाचं धुऊन निघतंय!"

एवढ्यात नानांनी घरात हाक दिली, "अवं, घागर लई ये! आठे बिनचामडानं पाणी शे!"

बघता बघता बठ्ठी, म्हणजे अख्खी गल्ली आमच्या न्हाणीघराच्या दारात! एकेक घागर पुढे यायची, मी हात काढायची, हात ठेवायची. "जरा हळू सोडा हो मास्तरीणबाई, उडतंय!" अशा सूचनाही होत्या.

पाणी गेले तेव्हा बोटे सुरकुतलेली, लुगडे निथळते, आणि नवी तोटी कोनाड्यात कोरडी ठणठणीत! मी उरलेसुरले धैर्य एकवटून विचारले, "अक्का, आता तोटी बसवू?"

अक्का पितरांच्या घागरीवर रीतीप्रमाणे खरबूज ठेवत म्हणाल्या, "कशाला? इतकी शिकलेली तोटी धुळ्यात दुसऱ्या कुणाकडे आहे?"