हॉर्नचं बटण

आमचे नाना माणसाला मारण्याआधी हॉर्न वाजवायचे. खरोखरच्या माणसाला नव्हे हं. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या कानाखाली दिली असेल असं मला वाटत नाही. टीव्हीवरच्या मारामारीच्या खेळातल्या माणसाला. समोरचा गडी लाथ उगारून अंगावर येत असायचा आणि नाना आधी हॉर्नचं बटण दाबायचे, मग क्लच, मग बुक्की. तोवर समोरच्याने त्यांना दोनदा आपटलेलं असायचं. वर मलाच विचारायचे, "त्याले कळाले नको का, आपुन यी ऱ्हायनूत म्हनीसन?"

नाना म्हणजे माझे चुलते. ब्राह्मणपुरीला त्यांची केळी-पपईची शेती, आणि त्यांच्याइतकाच हट्टी एक जुना ट्रॅक्टर. त्यांचा ट्रॅक्टरचा नियम एकच: "वळन उनं का हॉर्न." रस्त्यावर वळण आलं की हॉर्न हे कुणीही करेल. नाना स्वतःच्या रिकाम्या वावरात, नांगरट करताना प्रत्येक तासाच्या, म्हणजे नांगराच्या ओळीच्या, टोकाला हॉर्न वाजवत. मागे चालणारे बगळेसुद्धा सरावले होते, त्यांतला एकही उडायचा नाही. मी एकदा म्हटलं, नाना, इथे आहे कोण ऐकायला? ते म्हणाले, "कोनी नही, हाई आपुले वाटस."

अशा माणसाची ट्रॅक्टरची चावी काढून घेतली गेली, आणि त्याला कारण माझी मोटारसायकल. नानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला असेल. अंगणात नानांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि माझी उभी गाडी आडवी झाली. टाकीला पडलेला पोचा मी अजून मिरवतोय. पंचनामा झाला तेव्हा नानांचं म्हणणं असं पडलं की चूक मोटारसायकलची आहे. "मी तीन डाव हॉर्न वाजाडा, पन ती हटनीच नही!" यावर काय बोलणार, कप्पाळ?

पण त्यांचा मुलगा किशोर बोलला. किशोर शहाद्याला शाळेत मास्तर. एरवी घरात आमच्यासारखाच अहिराणी बोलायचा, पण भांडायचं असलं की प्रमाण मराठीवर जायचा. तो प्रमाण मराठी बोलायला लागला की नानी निमूट स्वयंपाकघरात निघून जात. त्या दिवशी तो म्हणाला, "नाना, आज मोटारसायकल गेली. उद्या तिच्या जागी माझी गुड्डी असेल. तुम्हाला वेळेवर थांबता येत नाही." गुड्डी त्याची चार वर्षांची पोरगी. चावी त्यांनी स्वतःच कडदोऱ्याची सोडून दिली. दुसऱ्या दिवसापासून ती किशोरच्या पिशवीतून शहाद्याला शाळेत जाऊ लागली आणि नाना घरी बसू लागले.

घरी बसून माणूस काय करणार? किशोरला हॉस्टेलपासून त्या मारामारीच्या खेळाचा नाद. गेमचा डबा माजघरात टीव्हीखालीच असायचा. नाना मागे बसून बघायला लागले. पहिल्या दिवशी दोन गडी एकमेकांना बुकलताना पाहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ह्यासनं भांडन बांधवरतीन शे, का पानीवरतीन?" कारणच नाही म्हटल्यावर त्यांना ते पटेना. शेवटी मीच सांगितलं, बांधावरून. मग त्यांना खेळात गोडी वाटू लागली.

पण रिमोट हातात घेतल्यावर सगळंच बिनसलं. बटणं कुठे नि काय! माझं शहाद्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीला मीच जबाबदार. नाना म्हणाले, "ज्यानी हाई बटनं बसाडी, त्यानी कधी नांगर धरा व्हता का?" मी म्हटलं, बटणं बदलता येतात, खेळातच तशी सोय असते. त्यांचे डोळे चमकले. मला त्यांनी हाताला धरून अंगणात नेलं, बंद ट्रॅक्टरवर बसले आणि डावा पाय दाबून म्हणाले, "लिख."

मी लिहिलं. डाव्या बोटाखाली क्लच, म्हणजे वार अडवायचं बटण. कारण आधी क्लच, मग बाकीचं. वरचं बटण हायड्रोलिक, म्हणजे समोरच्याला उचलायचं. खालचं बटण नांगर टाकायचं, म्हणजे त्याला आपटायचं. ब्रेकपाशी घोडं अडलं. खेळातल्या गड्याला थांबवायचं बटणच नव्हतं. मी म्हटलं, फार तर एखादं बटण रिकामं ठेवता येईल, दाबलं तरी काहीच होणार नाही. "काहीच व्हस नही? मंग तोच ब्रेक!" नाना खूश. आणि हॉर्न? त्यांचा गडी समोरच्याला खिजवायला शड्डू ठोकायचा, त्याचं एक बटण होतं. ते अंगठ्याखाली हॉर्न म्हणून आलं. शड्डू ठोकताना हात मोकळे होतात, वार अडवता येत नाही, हे मी शंभर वेळा सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

ट्रॅक्टरची कधीतरी बदललेली जुनी पत्र्याची सीट अडगळीतून काढून ती तिपाईवर बांधली गेली. नाना तिच्यावर बसून खेळत, आणि डाव्या बोटाबरोबर डावा पायही फरशीवर दाबत. फरशीला खळगा पडेल म्हणून नानींनी तिथे गोणपाट टाकलं. सामना जिंकला तरी नाना लगेच उठत नसत. गड्याचा वर गेलेला हात खाली येईपर्यंत बसून राहत, कारण नांगर वर ठेवून ट्रॅक्टरवरून उतरू नये.

त्यांचा गडी म्हणजे लाल लंगोटातला एक आडदांड पैलवान. नाना त्याला सालदार म्हणत. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला ठरतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत राहतो. मधेच त्याला काढत नाहीत. त्याच्याहून चपळ असे वीस गडी खेळात होते. मी म्हटलं, दुसरा घ्या. नाना म्हणाले, "साल पुरं व्हऊ दे." बरं, त्याला दमही घेऊ द्यायचे. खेळ थांबवून पाच मिनिटं, "पानी पी रे भो."

आणि एवढं सगळं करताना रोज संध्याकाळी किशोर शाळेतून आला की नानांचा एकच प्रश्न, "चावी?" फाल्गुन संपत आला, नांगरटीचे दिवस आले, दुसऱ्यांचे ट्रॅक्टर वावरात गुरगुरू लागले. नाना जेवायचेही कमी झाले. एकदा किशोर वैतागून प्रमाण मराठीत म्हणाला, "मला या खेळात हरवून दाखवा आणि घेऊन जा चावी!" तो बोलून गेला. नानांनी मात्र गावभर सांगितलं: आखाजीला, जेवणं झाल्यावर, तीन फेऱ्या.

आखाजीला आमच्या पारावर दुपारभर पत्ते चालतात. त्या दिवशी पत्ते टाकून निम्मा पार माजघरात आला. लेकी माहेरी आलेल्या, त्या झोके सोडून दारात उभ्या. पोटात आमरस नि खापरावरची पुरणपोळी, त्यामुळे सगळेच जड. पहिली फेरी किशोरने घेतली. दुसरी नानांनी, त्यांनी इतका हॉर्न वाजवला की किशोर हसायला लागला आणि तेवढ्यात सालदाराने त्याला हायड्रोलिकवर घेतला.

तिसरी फेरी. किशोरचा गडी पार खिळखिळा. एक, फक्त एक आपटी, आणि चावी नानांची. नानांनी त्याला उचलला. खालचं बटण दाबायचं, बस्स. इतक्यात आमरसाची वाटी घेऊन गुड्डी स्वयंपाकघरातून धावत आली आणि थेट नाना आणि टीव्ही यांच्या मधून गेली.

नानांचा डावा पाय फरशीवर असा बसला की सीट तिपाईसकट मागे सरकली. क्लच, ब्रेक, हॉर्न, तिन्ही एकदम. पडद्यावर सालदाराने हातातला माणूस सोडून दिला आणि शांतपणे शड्डू ठोकू लागला. किशोरचं बोट सवयीनेच चाललं. सालदार आडवा.

पार ओरडला, "हारनात नाना!" नानांचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. रिमोट खाली टाकून ते गुड्डीला जवळ ओढत विचारत होते, "लागनं नही ना वं बेटा?" लागायचं काय, ती चार हात पलीकडे होती! वाटीतला रससुद्धा सांडला नव्हता.

किशोर जिंकला होता, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो एकदा पोरीकडे बघे, एकदा गोणपाटावर घट्ट रोवलेल्या त्या म्हाताऱ्या पायाकडे. मग उठला, पिशवीतून चावी काढली आणि नानांच्या हातात ठेवली. "ल्या नाना," तो म्हणाला. "पन हॉर्न वाजाडत जा." अहिराणीत म्हणाला. नानी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी रडलो, कबूल करतो. आमरस खाऊन डोळे चुरचुरतात असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर नानांनी चार हंगाम नांगरट केली. कुणाला खरचटलंही नाही. मी मात्र मोटारसायकल गल्लीतच लावत होतो. गेल्या थंडीत ते दुपारचे झोपले ते उठले नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः रिकाम्या वावरापाशी.

यंदा आखाजीला गेलो तर गुड्डी त्या पत्र्याच्या सीटवर बसून खेळत होती. तोच लाल लंगोटवाला, तीच बटणं. खेळते झकास, पण प्रत्येक वेळी आधी शड्डू, आणि त्यात मार खाते. मी म्हटलं, आण तो रिमोट, ते हॉर्नचं बटण काढून टाकतो. त्याच्यापायी हरतेस तू. तिने रिमोट छातीशी धरला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आन मधी कोनी उनं तं, काका?"