अंकल अमेरिका बघून आले

कुणाचीही भरलेली बॅग दिसली की अंकल आधी ती एका हाताने उचलायचे, डोळे मिटायचे आणि न्यायाधीशाच्या थाटात निकाल द्यायचे, "तेवीस. चालेल."

ते तेवीस किलो कधीच नसायचे. विमानतळावर काट्यावर ठेवली की सत्तावीस-अठ्ठावीस निघायचे. आमच्या बिल्डिंगमधलं एकही कुटुंब असं नाही, जे कधी ना कधी काउंटरसमोर फतकल मारून बॅगेतून दूध पावडरचे डबे आणि साबणाच्या वड्या उपसत बसलं नसेल. तरी पुढच्या सुट्टीला बॅग अंकलनाच दाखवायची. का, ते विचारू नका. त्यांनी हात लावला की आपण खरंच घरी चाललोय असं वाटायचं.

वजन सांगून झालं की दुसरं वाक्य ठरलेलं. "आणि थोडी जागा ठेव. शेवटच्या क्षणी कुणीतरी काहीतरी घेऊन येतंच."

आणि यायचंच हो. आपण चप्पल घालून दारात उभे, खाली टॅक्सी थांबलेली, आणि जिन्यातून कुणीतरी धापा टाकत वर येणार. आईसाठी गुडघ्याचा पट्टा, बहिणीच्या बाळाचे कपडे, खजुराचं पुडकं. नाही म्हणता येत नाही. आज त्याचं, उद्या आपलं. आखातात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अंकलचं नाव मी सांगत नाही. वसईकडचे ख्रिश्चन. एका हॉटेलात हाउसकीपिंगचं बघायचे. बहारीनच्या उम्म अल हस्सम भागात आमच्या समोरचं दार त्यांचं. मी दापोलीची. घरी डबे करते, आमचे हे कंपनीची व्हॅन चालवतात. अंकल मला 'बाय' म्हणायचे. आमच्याकडे चहाला आले तरी त्यांची नजर आधी पलंगावर. चादरीचा कोपरा सुटलेला दिसला की कप बाजूला ठेवून उठायचे आणि चादर अशी ताणून खोचायचे, की झोपायचीच भीती वाटावी. मी चिडायचे. "अंकल, हे हॉटेल नाही, माझं घर आहे!" ते म्हणायचे, "म्हणून तर फुकट करतोय."

त्यांची बायको, आमच्या आंटी, होत्या तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं.

त्यांना एकच मुलगा. इथेच जन्मला, इथेच शिकला. मोठा झाला की इथे बापाच्या व्हिसावर किती दिवस राहणार? शिकायला अमेरिकेत गेला तो गेलाच. दर शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की अंकल-आंटी त्याला फोन करायचे. दार उघडंच असायचं. आंटी मराठीत विचारायच्या, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि अंकल मागून ओरडायचे, "हवा कशी आहे विचार, हवा!"

मग आंटींना तो आजार झाला. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "अंकल, मुलाला कळवा."

"नको, बाय. त्याच्या व्हिसाचं काम तिकडे अर्धवट लटकलंय. आईला बघायला आला नि परत आत नाही घेतलं तर? सगळं आयुष्य जाईल पोराचं."

आम्ही सगळेच हे करतो. गावाला कुणी वारलं, कुणी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, परदेशातल्या माणसाला सांगायचं नाही. तो सुट्टीवर आला की एकदम सगळं सांगायचं. तोवर फोनवर सगळे बरे असतात. आंटींना उशीला टेकवून, केस विंचरून, जवळून कॅमेरा धरून अंकल बोलायला लावायचे. पुढे पुढे तेही जमेना. मग "मम्मी झोपलीय," "मम्मी किचनमध्ये आहे," "मम्मी बरी आहे." आंटी तेव्हा हॉस्पिटलात होत्या.

आंटी गेल्या. सलमाबादच्या दफनभूमीत मातीही झाली, आणि मग अंकलनी मुलाला फोन लावला. मी बाजूलाच होते. मग मुलगा एकच वाक्य बोलला. "यू डिसायडेड फॉर मी, डॅड." फोन बंद.

त्यानंतर त्याने बापाचा फोन कधी उचलला नाही. नोकरी बदलली, गाव बदललं, असं कुणाकडून तरी उडत उडत कळलं. कुठलं गाव, ते कुणालाच माहीत नाही. व्हॉट्सॅपचा नंबर मात्र तोच राहिला. अंकल रोज लिहायचे. दोन निळ्या खुणा यायच्या. माझ्या मुलीने त्यांना समजावलं, "ही हॅज रेड इट, अंकल." तेवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग हॉटेलने त्यांना निवृत्त केलं. नोकरी संपली की व्हिसा संपतो, मग बहारीन खलास. वसईला जाऊन बंद घराचं कुलूप काढायचं, एवढंच उरलेलं. आणि अशात हा माणूस एक दिवस हातात टूर कंपनीचं रंगीत पुस्तक घेऊन माझ्या किचनच्या दारात उभा.

"बाय, मी अमेरिका बघायला चाललोय. जायच्या आधी."

मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत इथल्या वाळवंटातलं ते जुनं झाड बघायलासुद्धा न गेलेला माणूस! पुस्तकात न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, शिकागो, ती प्रचंड दरी, लास वेगास, सॅन फ्रान्सिस्को. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत.

"तो यातल्या कुठल्यातरी गावात असेलच ना," अंकल म्हणाले. "मी सगळ्यांतून जाणार. कुठे नि किती वाजता उभा राहणार, ते त्याला आधी कळवणार. त्याने फक्त पाच मिनिटं यायचं."

"अंकल, अमेरिका केवढी आहे!"

"असू दे. माणसं गावातच असतात ना?"

त्यांची चूक मला तेव्हा कळली आणि बोलायचं धाडस झालं नाही. ज्याने उभी हयात बहारीनमध्ये काढली, त्याला देश म्हणजे एवढाच वाटतो. इथे पलीकडच्या रिफा गावातल्या कुणाशी जन्माचं वैर घ्या, शुक्रवारी चर्चच्या पायरीवर नाहीतर भाजीच्या गाळ्यावर तो समोर येणारच. तोंड फिरवायला जागा नाही. कोथिंबिरीच्या जुड्या निवडता निवडता इथे भांडणं मिटतात. अंकलना वाटलं, अमेरिकेतही असंच काहीतरी होईल.

व्हिसाच्या मुलाखतीची हकीकत त्यांनी येऊन रंगवून सांगितली. साहेबाने विचारलं, "तिकडे कुणी आहे?" "मुलगा." "त्याच्याकडे राहणार?" अंकल म्हणाले, "अजून ठरलं नाही." साहेब हसला आणि त्याने पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. अंकल हे सांगताना स्वतःही हसले. मला हसू आलं नाही.

मुलासाठी काय न्यायचं? तर कुलकुल. आंटी नाताळात करायच्या ते, जेवायच्या काट्याच्या पाठीवर वळून तळलेले गोड शंख. मी जन्मात केले नव्हते. अंकल खुर्ची टाकून समोर बसले आणि मला शिकवायला लागले. त्यांनीही कधी केले नव्हते, फक्त खाल्लेले. चौथ्या घाण्याला एक तोंडात टाकून म्हणाले, "तिचे नाहीत. पण चालतील." डबा त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवला. मोठी बॅग मी उचलून पाहिली, अर्धी रिकामी. "किती आहे?" मी विचारलं. डोळे मिटून म्हणाले, "तेवीस."

मग अमेरिकेहून मला रोज फोटो यायला लागले. न्यूयॉर्कला बोटीच्या धक्क्यावर, मागे तो हिरवा पुतळा. वॉशिंग्टनला त्या उंच पांढऱ्या खांबाच्या पायाशी, कारण "लांबून दिसतो, चुकायला नको." सगळ्या फोटोंत ग्रुप एकीकडे आणि हे कडेला, बाजूला एका माणसाची जागा सोडून. टूरवाली मुलगी हाका मारून दमली, "काका, मध्ये या ना!" हे म्हणायचे, "असू दे गं. शेवटच्या क्षणी कुणी आलं तर?"

नायगाऱ्याला बोटीवर सगळ्यांना सारखे निळे रेनकोट घालायला देतात. टोपी ओढली की बायको नवऱ्याला ओळखणार नाही. यांनी तो काढून ठेवला. मुलगा आला तर ओळखेल कसा? नखशिखान्त भिजले, पुढचे चार दिवस ताप. व्हॉइस मेसेजमध्ये खोकत मला सांगत होते, "बाय, धबधबा मोठा आहे. माणसंही पुष्कळ आहेत."

शिकागोला राजम्याच्या दाण्यासारखा एक चकचकीत धातूचा प्रचंड राजमा उभा केलाय, आरशासारखा. आख्खं शहर, आभाळ, समोर उभी असलेली सगळी माणसं त्यात वाकडीतिकडी दिसतात. अंकलनी लिहिलं होतं, चार ते सहा. ते सातपर्यंत उभे राहिले. त्या मोठ्या दरीपाशी सगळा ग्रुप कठड्यावर वाकून बघतोय आणि हे दरीकडे पाठ करून गाड्या लावायच्या जागेकडे बघतायत, असा फोटो टूरवालीने काढला. लास वेगासच्या हॉटेलबद्दल एवढंच लिहिलं, "चादरी नीट खोचत नाहीत." सॅन फ्रान्सिस्कोला तो लाल पूल धुक्यात गडप झालेला. फोटोत नुसतं पांढरं. तिथे ते बसकडे परत जायलाच तयार नव्हते, कारण तो शेवटचा थांबा. टूरवालीने हाताला धरून नेलं.

रोज निळ्या खुणा आल्या. मुलगा आला नाही.

परत आले ते निम्मे होऊन आले. फ्रिजला लावायचे चुंबक सगळ्या बिल्डिंगला वाटले. कुलकुलांचा डबा तसाच परत आणलेला. उघडला तर आत नुसता चुरा. मी म्हटलं, "टाकून देऊ?" ते म्हणाले, "राहू दे. वाटेत कुणीतरी खाईल." कुठली वाट आणि कोण खाणार!

वसईला जायच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी माझं दार असं वाजवलं, की मला वाटलं आग लागली. फोन माझ्या तोंडासमोर धरला. मुलाचा मेसेज. इतक्या वर्षांतला पहिला. "आय सॉ यू इन शिकागो, डॅड. यू लुक्ड फाइन."

"आला होता, बाय! आला होता तो! बघून गेला मला!" अंकल अक्षरशः नाचत होते.

माझ्या अंगाची आग झाली. मी खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तो मेला समोर असता तर मी लाटण्याने झोडपला असता. तापाने फणफणलेला बाप तीन तास रस्त्यावर उभा, आणि हा गर्दीतून बघून निघून जातो? वर लिहितो, बरे दिसलात!

अंकल हळूहळू खाली बसले. चेहऱ्यावरचं हसू अजून पुसलं नव्हतं. मग म्हणाले, "मीही त्याला हेच सांगायचो ना, बाय. मम्मी बरी आहे."

मी चहा टाकायला उठले, तो उतू गेला.

त्या दिवसापासून त्यांचा एकच उद्योग. शिकागोला त्या राजम्याचा त्यांनी स्वतः एक फोटो काढलेला. त्यात समोरची सगळी गर्दी उमटलेली, मुंग्यांएवढी. मुलगा तिथे असेल तर आरशात असणारच. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा, सरकवायचा, पुन्हा मोठा करायचा. मोठा केला की चेहरे विरघळायचे. मिस्सालाही फोन घेऊन बसले म्हणे.

निघायच्या दिवशी आमच्या ह्यांनी त्यांना व्हॅनमधून विमानतळावर सोडलं. मीही गेले. बॅग काट्यावर ठेवली तर इतकी हलकी, की काउंटरवरच्या मुलीने विचारलं, अजून काही आहे का. अंकल मागे वळून दरवाजाकडे बघत राहिले. वसईला पाठवायला कुणाकडेच काही नव्हतं. कुणी धापा टाकत आलं नाही.

आत जायच्या आधी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बाय, तुझी नजर चांगली आहे. एकदा तू बघ. लहान होता तेव्हा तू त्याला पाहिलायस."

मी डोळ्यांत प्राण आणून बघितलं. बायका, पोरं, टोप्या, छत्र्या, एकमेकांत मिसळलेली सगळी. आणि एका कडेला, गर्दीपासून सुटून, एकटाच उभा असलेला एक माणूस. बाजूला थोडी जागा सोडून.

"अंकल, हा बघा! हा एकटा उभा आहे, हाच असेल!"

त्यांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं.

"नाही, बाय," ते म्हणाले. "तो मी आहे."