भांडारबाईंची नोंद

सकाळचे सव्वानऊ. धाकटी जाऊ बाहेरच्या खोलीत मटार सोलत बसली होती आणि शेजारी भांडारबाई टॅब्लेट उभा करून कुणाला तरी फैलावर घेत होत्या.

“अहो, राजदंडाची मूठ कसली घेऊन बसलात! पायमोजे रफू करायचं लाकूड आहे ते. मोज्याच्या टाचेत घालायचं, कापड ताणलं की वरून सुई चालवायची. एवढं साधं!”

“जाऊबाई, त्यांना ऐकू जात नाही.”

“म्हणून तर मोठ्यानं बोलतेय.”

भांडारबाईंनी एका मोठ्या हॉटेलचं भांडारघर चौतीस वर्षं सांभाळलं होतं. आचारी धावत येऊन “ते द्या हो, ते वाकडं, टोकाला भोक असलेलं” एवढंच म्हणे, आणि बाई पाठमोऱ्या उभ्या असतानाच हात लांब करून नेमकं तेच काढून देत. निवृत्त झाल्या आणि विचारणारं कुणी उरलं नाही. घरात हरवून हरवून हरवणार काय, तर एक लायटर, आणि तोही जावेच्या कमरेला खोचलेला.

मग भाचीनं त्यांना ‘माळ्यावरचं’ हे संकेतस्थळ दाखवलं. जुन्या वस्तूंचे वेडे तिथे जमत. वस्तूंच्या याद्या, डागडुजीचे सल्ले, आणि बाईंचा जीव जिथे अडकला तो ‘हे काय आहे?’ हा विभाग. एका शिक्षिकेनं तिथे आळंबीसारख्या लाकडी वस्तूचा फोटो टाकून विचारलं होतं, “आईच्या खणात सापडलं. आई याचं काय करत असेल?” त्यावर राजदंडाची मूठ, न्यायाधीशाचा हातोडा, जादूगाराचं सामान अशी उत्तरं आली होती. शनिवारी प्रश्न बंद होणार आणि ज्या उत्तराला जास्त मतं, तेच कायमचं पक्कं होणार. मूठ आघाडीवर होती. बाईंना तिथलं वाचता येत होतं, पण तिथे काही लिहिता येत नव्हतं. उत्तर द्यायला सभासद व्हावं लागे. दोन आठवड्यांपूर्वी बाईंनी एकटीनंच फॉर्म भरला होता. अजून कुणाचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात एक सडपातळ गृहस्थ उभे. गळ्यात भिंग, खांद्याला टेप, हातांत पांढरे हातमोजे.

“नमस्कार. ‘माळ्यावरचं’कडून आलोय. तपासनीस. नोंद पडताळायची होती.”

भांडारबाईंचा चेहरा उजळला. “या, या! अगं, खुर्ची दे. बघ, माणूस पाठवला त्यांनी. मी म्हटलं नव्हतं?”

“कुठे आहे?” तपासनीस आत डोकावत म्हणाले.

“काय कुठे?”

“भांडारबाई.”

“ही काय, समोर!”

बाईंच्या पाठीमागे आरशाचं कपाट होतं. तपासनीस बाईंना वळसा घालून थेट कपाटाशी गेले, खाली वाकले आणि एका पायावर मायेनं हात फिरवू लागले.

“वा! पण गुडघे तर उत्तम आहेत.”

“कशाचे उत्तम!” बाई म्हणाल्या. “जिना चढताना जीव जातो.”

“जिना चढवलंत? पायांवर?” तपासनीस कळवळले.

“मग काय डोक्यावर?”

जावेनं मटाराचं ताट खाली ठेवलं. काहीतरी गोची आहे हे तिला कळलं होतं, पण एवढ्यात सोडवायची तिला मुळीच घाई नव्हती. ती गोड आवाजात म्हणाली, “भाऊ, नोंदीत काय लिहिलंय ते जरा वाचून तरी दाखवा.”

तपासनीसांनी मोबाइल काढला. “नाव, भांडारबाई. त्यावरूनच आम्ही ओळखलं, सामान ठेवायचं कपाट. वय, एकाहत्तर. पहिले मालक, वडील. नंतरचे मालक, मिस्टर.”

“तो ‘मालक’ शब्द मला खटकला होता,” बाई म्हणाल्या. “पण फॉर्मशी कोण भांडणार?”

“सध्याची अवस्था, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. दुरुस्ती, डावं भिंग नवं.”

“मोतीबिंदू लिहायचं होतं. म्हटलं, सगळ्यांना कशाला सांगा.”

“पॉलिश मूळचं आहे का? यावर तुम्ही लिहिलंय, पावडरसुद्धा लावत नाही. या एका वाक्यावर साठ जणांनी टाळ्या दिल्यात. हलवता येते का? हात धरून, सावकाश.”

एवढं वाचून तपासनीस थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. कपाटाकडे पाहिलं. पुन्हा बाईंकडे पाहिलं, आणि हातातले पांढरे मोजे हळूहळू काढले.

“मावशी, तुम्ही कुठलं बटण दाबलंत?”

“‘नवी नोंद’. नोंदच करायची होती ना माझी?”

“ते वस्तूंसाठी असतं. माणसांसाठी ‘सभासद व्हा’.”

“आणि फोटो?” जावेनं विचारलं. तिचा पदर तोंडाशी गेला होता.

फोटो बाईंनी आरशासमोर उभं राहून स्वतःच काढला होता. फ्लॅशचा लखलखाट बरोबर चेहऱ्यावर. बाकी सगळी लाकडी चौकट. जावेला आता राहवेना. ती हसत सुटली, ताटाला धक्का लागला आणि मटार घरभर पांगले. “बाई बाई बाई! पंधरा दिवस जाऊबाई फर्निचरमध्ये!”

“दात काढू नकोस. उचल ते.” बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

तपासनीस मात्र घामाघूम झाले होते. “अडचण अशी आहे, की तुमच्या नोंदीवर एकशे बासष्ट अभिप्राय आलेत. इतकी चर्चा झालेली नोंद आम्ही काढत नाही. विभाग बदलून देतो हवा तर. ‘इतर’मध्ये टाकू?”

“इतर?” बाईंच्या भुवया वर गेल्या.

“नाही, म्हणजे... ‘दुर्मिळ’चा शिक्का देतो. पहिल्या पानावर लावतो. हिरवी चौकट!”

“दुर्मिळ कसली,” जाऊ जमिनीवरून मटार वेचता वेचता म्हणाली, “उठल्यापासून झोपेपर्यंत समोर असते.”

“लोकांना फार आवडलीय हो ही नोंद,” तपासनीस अजिजीनं म्हणाले. “एकानं तर लिहिलंय, अशी आता बनत नाहीत.”

बाई क्षणभर विरघळल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांची नजर गेली. शुक्रवार. उद्या राजदंडाची मूठ कायमची पक्की होणार. त्यांनी खुर्ची ओढली, तपासनीसांना बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. हिशेबात चमचा कमी भरला की हॉटेलातल्या आचाऱ्यांशी ज्या आवाजात त्या बोलत, त्याच शांत आवाजात म्हणाल्या,

“हे बघा, शिक्का नको, हिरवी चौकट नको. मला वस्तूंमधून काढा आणि माणसांत घाला. आजच्या आज.”